दादाने इटालियनमध्ये मोजलेली रास

दादा,

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, शेवटी काय झालं. मी सांगतो, पौषात ताप भरला, छातीत कफ दाटला, भोरहून डॉक्टर आणायला गाडी जुंपली आणि ती परत यायच्या आत तो गेला. मी पुण्याहून पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. एवढं ऐकून लोक मान हलवतात, आईकडे बघतात, पाणी पितात आणि उठतात. मला मात्र दर वेळी वाटतं की सांगायचं ते राहिलंच. त्यांना दारात थांबवून म्हणावं, तो कसा गेला ते ऐकलंत, आता त्यानं यंदाची रास कशी मोजली तेही ऐकून जा. पण माझ्याच्यानं म्हणवत नाही. म्हणून तुलाच लिहितो आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

वेल्ह्याच्या खोऱ्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना रास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण कॉलेजात माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलाला मला ते सांगावं लागलं होतं. भात मळून, वारवून झालं की खळ्यावर त्याचा ढीग करायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि घरातल्या थोरल्यानं पूर्वेला तोंड करून तो पायलीनं मोजायचा. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार. प्रत्येक आकडा मोठ्यानं, खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. इतर घरं विसाविसानं मोजतात, वीस झाले की खडा ठेवून परत लाभापासून. आपल्या घरात आज्यापासून मोजणी न तोडता शेवटापर्यंत न्यायची रीत आहे. मध्येच आकडा अडला तर मोजलेलं सगळं भात पुन्हा राशीत लोटायचं. आणि मग वर्षभर घरात काही उणं झालं की सगळ्यांना ती तुटलेली रास आठवते.

तो मुलगा म्हणाला, गंमतच आहे. मी हो म्हणालो. घरातला थोरला मुलगा तोतरा असेल तर त्या गमतीचं काय होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

आबांनी तुला पहिल्यांदा राशीवर बसवलं तेव्हा तुला मिसरूड फुटत होतं. त्यांचा हात नांगराखाली सापडून सुजला होता. तू पायली भरलीस, वरचं भात तळहातानं सपाट केलंस, आणि 'ला'वर अडकलास. ला, ला, ला. तुझी मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. खळ्याच्या कडेला शेजारचे केरबातात्या उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "आरं, लाभ म्हनायचाय, लगीन न्हाई लागत तुजं. एवढं काय लाजतूस?" सगळे हसले. मीही लहान होतो, सगळे हसतात म्हणून हसलो असेन. आबांनी दुखऱ्या हातानं पायली ओढून घेतली. तू उठलास, हात झटकलेस आणि बैलांकडे गेलास.

त्याच सुमाराला भोरला भरती चालू होती. तिथे तुझं नाव तुझ्याबरोबरच्या गड्यानं सांगितलं म्हणे. तुला खेचरांच्या तुकडीत घातलं. ते बरं झालं, असं तू नंतर म्हणालास. खेचराला हाक मारावी लागत नाही, पाठीवर हात ठेवला की त्याला कळतं.

तू समुद्रापलीकडे इटलीत असताना आबा गेले. रास आप्पांनी मोजायला घेतली. आबांचा धाकटा भाऊ म्हणून ते बरोबरच होतं. पण आई खळ्यावर उभी असायची ती आप्पांच्या हाताकडे न बघता रस्त्याकडे बघत. ती एकदाच मला म्हणाली होती, "त्यो आला की त्याचा त्यो मोजंल." मी म्हणालो, आई, दादाला कसं जमेल. ती म्हणाली, "तू शाळा शिक."

लढाई संपल्यावर तू परत आलास. केरबातात्यांनी वेशीतच गाठून विचारलं, "काय शिरपा, तोफंनं तोंड सुटलं का न्हाई?" तू हसून मान हलवलीस. तोंड सुटलेलं नव्हतं. पहिले महिने आपण दोघं फारसं बोललोच नाही. मी पुण्यात होतो, आणि घरी आलो तरी तुझ्यापुढे माझंही तोंड उघडत नसे. तू पलटणीतला, मी पुस्तकातला. मला तुझी भीती नव्हती, पण तुला काय विचारावं ते कळत नव्हतं.

मग ती दिवाळीची सुट्टी आली. मी नसरापूरला मोटारीतून उतरलो तर तू रस्त्याच्या कडेला उभा. माझी ट्रंक तू डोक्यावर घेतलीस, मी ओढायला लागलो तर दिली नाहीस. आपण गुंजवणीच्या उतारावर आलो तेव्हा एका धनगराचा कळप पाण्यातून पलीकडे जात होता. मेंढरं एकामागून एक दगडावरून उडी घेत होती. तू थांबलास आणि मोजायला लागलास.

"ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो, चिंक्वे, सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे, दिएची."

मी मेंढरांकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघायला लागलो. तुझी मान ताठ नव्हती. डोळे उघडे होते. डोक्यावर ट्रंक, आणि तोंडातून आकडे असे पडत होते जसं मोटेचं पाणी पाटात पडावं. उंदिची, दोदिची, त्रेदिची. कुठे खळ नाही. मी जन्मापासून तुझा आवाज ऐकत होतो, पण तो असा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पलीकडून धनगर ओरडला, "ओ पाव्हनं, मेंढरं मोजू नगा. नजर लागती."

तू मराठीत काही सांगायला गेलास आणि अडकलास. म्हणून मीच ओरडून सांगितलं, "मामा, ही परमुलखातली बोली आहे. तुमच्या मेंढरांना कळायची नाही."

धनगरानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मंग मोजा. पर किती झाली त्ये मला सांगू नगा."

तू इतका हसलास की ट्रंक डोक्यावरून सुटत होती.

पुढची सगळी वाट तू मला आकडे शिकवलेस. तुझं बोलणं मी इथे सलग लिहितो आहे. प्रत्यक्षात त्याला किती वेळ लागला ते आपल्याला दोघांना माहीत आहे, आणि वाट लांब होती.

"धापतुर पाठ कर," तू म्हणालास. "सोळापतुर बी पाठच. दिची श्येवटाला येतो. उंदिची, दोदिची, आसं सेदिचीपतुर. सतराला मातर उलटतं. दिचास्सेत्ते. धा म्होरं आलं, सात मागं गेलं. आठरा दिचोत्तो, एकोनीस दिचान्नोवे. वीस म्हंजी वेंती."

मी म्हणालो, सतरालाच का उलटतं?

"म्या बी इचारलं हुतं. जिनं शिकवलं त्या म्हातारीला बी ठावं नव्हतं. आपल्यात एकोनीस का म्हंत्यात, ठावं हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे वीसला एक उणं हे माहीत होतं, पण वीस यायच्या आधीच आपण त्याचं नाव का घेतो, ते कधी मनात आलं नव्हतं.

"ते लोक घ्येत न्हाईत," तू म्हणालास. "वीस आलं की वीस. तीस आलं की तीस. न आलेल्याचं नाव न्हाई घ्यायचं." आणि मग तू आपली फजिती सांगितलीस. पहिल्यांदा मोजताना वेंतोत्तोपर्यंत, म्हणजे अठ्ठावीसपर्यंत, तू नीट गेलास आणि पुढे तुझ्या तोंडून सरळ 'एकोण-त्रेंता' निघालं. आपली जीभ, तिला तिसाचा वास आधीच लागतो. बाविसाचंही तसंच. आपण दोन आधी म्हणतो आणि वीस मागून, म्हणून तू दूए-वेंती म्हणायचास. "तितं थोरलं म्होरं चालतं," तू म्हणालास, "धाकटं मागनं. वेंतिदूए. वेंतित्रे. येकदा हे ध्यानात आलं की शंबरपतुर पाठ करायचं काय न्हाई. त्रेंता, क्वारांता, चिंक्वांता, फकस्त ही थोरली मानसं वळकायची. धाकटी तीच नऊ जनं. फकस्त ऊनो आन् ओत्तो आलं की थोरला वाईच सरकून बसतो. वेंती ऊनो न्हाई, वेंतुनो. वेंती ओत्तो न्हाई, वेंतोत्तो."

आपल्याकडे शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळं तोंड. त्रेसष्ट, छप्पन्न, एकोणऐंशी. लहानपणी पंतोजींनी छड्या मारून ते आपल्यात उतरवले. तुला छड्या जास्त बसल्या, कारण येत असूनही तुझ्या तोंडून आकडा बाहेर पडत नसे, आणि पंतोजींना वाटे की येतच नाही. त्या वाटेवर मी घरी पोचेपर्यंत नव्व्याण्णवला पोचलो. नोवांतानोवे. आणि शंभर, चेंतो. तू मला ट्रंक घेऊ दिली नव्हतीस, पण चेंतो मला एकट्याला म्हणू दिलंस.

नोन्नाची गोष्ट तू दुसऱ्या दिवशी बांधावर बसून सांगितलीस. नोन्ना म्हणजे तिकडे आजी. डोंगरातलं तिचं घर, खालच्या गोठ्यात तुमची खेचरं बांधलेली. घरात पुरुष कोणी उरलं नव्हतं. तिकडे एक फळ होतं, कास्तान्ये, भाजलं की फणसाच्या आठळीसारखं लागतं असं तू म्हणालास. ते धुरावर वाळवून ती पोत्यांत भरायची, लाकडी मापानं, मोठ्यानं मोजत. तू दारात उभं राहून बघत होतास. तिच्या बोटांना संधिवात, माप हातातून निसटायचं. तिनं ते तुझ्या हातात दिलं, खुणेनं सांगितलं की तू ओत, मी मोजते. मग म्हणाली, तूही म्हण. तिच्याबरोबर तू म्हणालास. ऊनो. दूए. त्रे.

"तिला काय ठावं म्या तोतरा हाय त्ये," तू म्हणालास. "तितं समदंच परदेशी अडखाळत्यात. इंग्रज बी, गुरखा बी. माजं अडखाळनं त्यात मावून गेलं. आन् ती संगं म्हनायची तवा अडतच नव्हतं. मंग येकदा ती मधीच गप बसली. म्या मातर फुडं गेलो. ध्यानातच आलं न्हाई, सदा. पोतं भरल्यावर बगितलं तर ती नुसती बसल्याली, आन् मोजत हुतो म्या येकटा."

दादा, तिचं नाव मी तुला विचारलं नाही. ती पुढे जगली का, तिच्या घरी कोणी परत आलं का, तेही नाही. पुढच्या सुट्टीत विचारू असं वाटलं होतं. आता ती माझ्या मनात नुसती नोन्ना आहे, आणि मला वाटतं, आपल्या घरावर तिचं जे काही आहे ते फिटण्यासारखं नाही.

त्याच बांधावर आपला वाद सुरू झाला. मी म्हणालो, तुझी जीभ चालते हे आता सिद्ध झालं, मग मराठीत का चालणार नाही? रोज थोडं म्हणत जा, मी तुझ्याबरोबर म्हणतो. तू म्हणालास, कशाला? मी म्हणालो, कारण आपली भाषा आपली आहे. पराभव झालेल्या मुलखातले आकडे तू आपल्या खळ्यावर आणणार का? कॉलेजात आम्ही हेच सगळं बोलत असतो, स्वभाषा, स्वदेश, आणि मी ते मनापासून बोलत होतो. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "मराठी आकड्यास्नी माजा राग हाय, सदा. लहानपनापास्नं. ह्यास्नी न्हाई."

मी म्हणालो, आकड्यांना कुठला राग.

तू म्हणालास, "तुला न्हाई कळायचं. तुजं त्ये ऐकत्यात."

मला ते पटलं नाही. सुट्टीभर आपण ते थोडंथोडं भांडत राहिलो. पुढच्या वर्षी मराठीत मोजशील का, असं मी निघताना विचारलं तेव्हा तू म्हणालास, "बगू." तो वाद तिथेच आहे. मी अजूनही म्हणतो की तू मराठीत मोजू शकला असतास. आणि तू अजूनही मला उत्तर दिलेलं नाहीस.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पुण्यात इंग्रजीच्या तासाला मला उभं केलं की माझे ओठ सुकतात. बाकीच्यांच्या घरी वडील, आजोबा इंग्रजी शिकलेले. माझ्या घरी मीच पहिला. एखादा शब्द चुकीचा निघाला की मागच्या बाकावरून खसखस येते. त्या सुट्टीनंतर मी परत गेलो, उभा राहिलो, अडखळलो, आणि मला एकदम वाटलं, तितं समदंच परदेशी अडखाळत्यात. मी पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. हे तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास, ते मला ठाऊक आहे. काहीच नाही. पण माझी ट्रंक आणखी एकदा डोक्यावर घेतली असतीस.

सुट्टी संपत आली तेव्हा भात मळून झालं. आप्पा सकाळीच आपल्या अंगणात आले. आई त्यांच्यासमोर चहा ठेवून म्हणाली, "भावजी, औंदा रास शिरपा मोजंल."

आप्पांनी कपाला हात लावला नाही. "वयनी, मोजनं थोरल्याचंच. म्या काय हौसंनं बसतो व्हय? पर रास तुटली तर? आदीच करप्यानं निम्मं न्हेलंय."

"तुटायची न्हाई," आई म्हणाली.

मी पुढे झालो. म्हणालो, आप्पा, दादा इटलीच्या भाषेत मोजतो, त्यात अडत नाही. तो त्यात म्हणेल, मी मागून मराठीत म्हणेन.

"मंग मोजनारा तू झालास की," आप्पा म्हणाले.

तू मान हलवलीस. तुलाही ते नको होतं.

तोवर केरबातात्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. "भात मराठी आन् मोजनी इटलीची," ते म्हणाले. "उंदीर तरी लागायचं न्हाईत औंदा."

आप्पांनी कप जवळ ओढला. ते वाईट माणूस नाहीत, दादा. ते खरंच घाबरलेले होते, तुझ्यासाठी आणि भातासाठी सारखेच. शेवटी म्हणाले, "फुडं कंच्या बी बोलीत म्हन. पर पयली पायली लाभाची. लाभ म्हटल्याबिगर रास सुरू व्हत न्हाई. त्यो मराठीतच पायजे, आन् तुज्याच तोंडानं." आणि कप उचलून चहा पिऊन गेले.

नेमका तोच शब्द. तू दुपारी जेवायला बसलास आणि भाकरी तशीच ठेवून उठलास. मी तुझ्या मागे आलो तर तू हातानं थांबवलंस.

उन्हं कलायच्या आधी आपण खळ्यावर गेलो. वस्तीवरची बरीच माणसं आली होती, नेहमीपेक्षा जास्त. केरबातात्यांनी सांगितलं असणार. आप्पा तुझ्या उजव्या हाताला बसले, पुढ्यात नदीतले खडे घेऊन. ते मनात मोजणार होते आणि दर विसाला एक खडा ठेवणार होते, म्हणजे तुझी मोजणी खरी की खोटी ते कळेल. तू पूर्वेला तोंड करून बसलास. हळदकुंकू झालं. तू पायली भरलीस, तळहातानं सपाट केलीस, आणि तशीच धरून थांबलास.

कोणी हललं नाही. मला तुझी मान ताठ होताना दिसली. ओठ उघडले आणि काही आलं नाही.

मोजणीच्या वेळी बायका खळ्याच्या कडेला उभ्या राहतात, आत येत नाहीत. आई आत आली. तिनं पदर खोचला, तुझ्या डाव्या अंगाला येऊन खाली बसली आणि पायलीच्या कडेला हात लावला. तिला नोन्नाची गोष्ट मी सांगितली नव्हती, तूही नाही, नंतर विचारलं तेव्हा कळलं. पण तुझी आई ती. भजनात, आरतीत सगळ्यांबरोबर म्हणताना तुझी जीभ कधी अडली नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती तुझ्याकडे न बघता हळू म्हणाली, "म्हन माज्यासंगं."

आणि दोघांनी मिळून म्हटलं, "लाभ."

दोन आवाज होते, पण तुझा त्यात सबंध होता. मी ऐकला. आप्पांनीही ऐकला. त्यांनी तोंड उघडलं, आईकडे बघितलं, आणि मिटलं. भात घोंगडीवर पडलं. आईनं पायलीवरचा हात काढून घेतला.

"दूए," तू म्हणालास.

पुढे काय झालं ते मी किती वेळा मनात घोळवलं आहे. त्रे. क्वात्रो. चिंक्वे. प्रत्येक आकड्याला एक पायली, प्रत्येक पायलीला भात सांडल्याचा तोच आवाज. पहिल्यांदा माणसं एकमेकांकडे बघत होती. केरबातात्या कोणाच्या तरी कानात म्हणाले, "भात मोजतोय का साह्यबाला शिव्या देतोय?" दिचास्सेत्तेला आकडा उलटला, तू उलटलास, वेंती म्हणालास, आणि आप्पांनी खडा ठेवला. बरोबर. मी पुढच्या विसाकडे जीव मुठीत धरून बघत होतो, कारण मला एकट्याला ठाऊक होतं की तो एकोण-त्रेंता कुठे दबा धरून बसला आहे. वेंतोत्तो, तू म्हणालास. पायली भरलीस. वेंतिनोवे. पायली भरलीस. त्रेंता.

सत्तराच्या आसपास तुला भाताच्या तुसानं ठसका लागला. पायली भरलेली, आकडा बाकी. तू खोकत होतास आणि खळं पुतळ्यासारखं थांबलं होतं. आप्पांची बोटं खड्यावर. ती अडखळ होती की ठसका होता, ते सांगणारं कोणी नव्हतं. तू पालथ्या हातानं तोंड पुसलंस, श्वास घेतलास, आणि इतक्या शांतपणे म्हणालास जसा कोणी शेजाऱ्याला रस्ता सांगतो, "सेत्तांतुनो."

त्यानंतर कोणी कुजबुजलं नाही. शंभराला तू चेंतो म्हणालास आणि माझ्याकडे बघून हसलास. पुढे चेंतो-ऊनो, चेंतो-दूए, आणि तोवर माणसांना त्याची चाल सापडली होती. केरबातात्या प्रत्येक आकड्याचं शेपूट तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले. दूए, त्रे. पोरं उघड म्हणत होती. तुझा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि तुला त्यांची गरज नव्हती. दूएचेंतो झालं तेव्हा ऊन डोंगराच्या टोकावर गेलं होतं आणि राशीच्या जागी जमीन दिसायला लागली होती. तू शेवटची पायली खरडून भरलीस.

"दूएचेंतो क्विंदिची."

आप्पांनी खडे बोटानं सारले. "धा ईसा," ते म्हणाले, "आन् वर पंधरा." त्यांनी पुन्हा एकदा खडे बघितले. मग तुझ्याकडे बघितलं. "आबा बी येवड्या एका आवाजात कदी मोजत नव्हता, शिरपा."

आई घोंगडीच्या कडा गोळा करत होती. ती रडत नव्हती. ती भात भरत होती, भराभर.

आप्पा उठले, धोतर झटकलं आणि जायला निघाले. दोन पावलं गेल्यावर वळून, सगळ्यांसमोर, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात म्हणाले, "उद्याच्याला माजी रास हाय. माजं डोळं दगा द्यायला लागल्यात. मोजशील का?"

तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस. तुझं बोलणं मी आतापर्यंत सलग लिहीत आलो, पण हे जसं झालं तसंच लिहितो. तू म्हणालास, "मो, मो, मो," आणि मान ताठ झाली. आयुष्यभर असं झालं की कोणीतरी तुझा शब्द पुरा करून टाकायचं, मी, आई, आबा, केरबातात्या, जो जवळ असेल तो, आणि तू मान हलवून गप्प बसायचास. त्या दिवशी आप्पा थांबले. केरबातात्या थांबले. मी जीभ दातांत धरली. पोरंसुद्धा उभी राहिली. इतकी माणसं तुझ्या एका शब्दासाठी उभी होती, आणि कोणालाही कुठे जायची घाई नव्हती.

"मोजीन," तू म्हणालास.